छोट्या चिपसाठी लिनक्सचे दार कसे उघडले?

संगणक म्हटला की टेबलावरचे यंत्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जगातील बहुतांश प्रोसेसर राऊटर, कॅमेरा, मीटर, कारखान्यातील नियंत्रक अशा उपकरणांच्या पोटात निमूटपणे काम करत असतात. ते साधे असतात, कारण ते स्वस्त असावे लागतात. अशा साध्या चिपवर लिनक्स चालवणे १९९८ मध्येच शक्य झाले होते. पण त्या कामाला लिनक्सच्या अधिकृत कर्नेलमध्ये स्थान मिळायला नोव्हेंबर २००२ उजाडावे लागले. कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. त्यात प्रवेश मिळवण्यासाठी नुसता चालणारा कोड पुरत नाही, हे या चार वर्षांच्या प्रवासातून स्पष्ट होते.

अडचण कोणती होती?

मोठ्या प्रोसेसरमध्ये 'मेमरी मॅनेजमेंट युनिट' म्हणजे एमएमयू नावाचा भाग असतो. त्याच्यामुळे प्रत्येक प्रोग्रामला मेमरीतील पत्त्यांची स्वतंत्र मालिका मिळते. दोन प्रोग्राम एकच पत्ता वापरत असले, तरी एमएमयू त्यांना प्रत्यक्षात वेगवेगळ्या जागी नेऊन पोहोचवते. एकाने दुसऱ्याच्या जागेत घुसण्याचा प्रयत्न केला तर त्याला अडवतेही. लिनक्सची सारी रचना हा भाग गृहीत धरूनच झाली होती. साध्या चिपमध्ये मात्र जागा आणि खर्च वाचवण्यासाठी नेमका हाच भाग वगळलेला असतो.

त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. युनिक्स परंपरेत नवा प्रोग्राम सुरू करण्याची रीत म्हणजे 'फोर्क'. त्यात चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत तयार होते आणि दोन्ही प्रती तेच पत्ते वापरतात. एमएमयू नसेल तर प्रत दुसऱ्या जागी ठेवावी लागते आणि तिच्यातील पत्ते मूळ प्रोग्रामच्याच जागेकडे बोट दाखवत राहतात. म्हणून येथे 'व्हीफोर्क' वापरावा लागतो. त्यात नवा प्रोग्राम स्वतःची जागा मिळेपर्यंत जुन्याच्याच जागेत वावरतो आणि तोवर जुना थांबून राहतो.

दुसरी अडचण सलग जागेची. नाट्यगृहात पाच खुर्च्या रिकाम्या आहेत, पण त्या विखुरलेल्या आहेत. पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र बसायचे असेल तर त्यांचा उपयोग नाही. एमएमयू विखुरलेले तुकडे प्रोग्रामला सलग भासवते. ते नसेल तर मेमरी शिल्लक असूनही प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही. तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण सुरक्षिततेची. एका प्रोग्राममधील चुकीचा पत्ता थेट कर्नेललाही कोसळवू शकतो.

यूसीलिनक्सचा उगम

केनेथ अल्बानोव्स्की आणि डी. जेफ डिऑन यांनी १९९८ मध्ये लिनक्सची २.० आवृत्ती मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरवर चालवून दाखवली. पामपायलट या हातात मावणाऱ्या उपकरणात हाच प्रोसेसर होता. मायक्रोसाठीचे ग्रीक 'म्यू' अक्षर आणि कंट्रोलरचा 'सी' मिळून प्रकल्पाचे नाव झाले. उच्चार मात्र 'यूसीलिनक्स' असा रूढ झाला. पुढे ऑस्ट्रेलियातील ग्रेग उंगेरर यांनी मोटोरोलाच्या कोल्डफायर मालिकेसाठी हे काम नेटाने वाढवले. नेटवर्कच्या छोट्या उपकरणांत यूसीलिनक्स वापरलेही जाऊ लागले.

मात्र हे सारे अधिकृत कर्नेलच्या बाहेर होते. लिनक्सचे अंतर्गत सांधे सतत बदलत असतात. आत असलेला कोड बदल करणाऱ्यालाच सोबत दुरुस्त करावा लागतो. बाहेरच्या कोडची डागडुजी मात्र ज्याची त्याने करायची. १९९९ मध्ये २.२ आणि २००१ मध्ये २.४ आवृत्ती आली. मूळ प्रवाह पुढे सरकला की बाहेरच्यांना पुन्हा तेच बदल नव्या कोडवर चढवावे लागत.

प्रवेशाची अट

२.४ वरील यूसीलिनक्समध्ये मेमरी व्यवस्थापनाचा एक समांतर विभागच उभा केलेला होता. वेगळे घर थाटण्याचा हा मार्ग सोपा होता, पण अधिकृत कर्नेलच्या दृष्टीने अडचणीचा. एकाच कामाच्या दोन प्रती असल्या की एकीत दुरुस्त झालेली चूक दुसरीत तशीच राहते. शिवाय मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्या बहुसंख्यांना थोड्यांच्या सोयीसाठी कायमचा भार उचलावा लागतो.

तोडगा निघाला तो विभागणीतून. दोन्ही प्रकारच्या चिपना समान असलेला कोड एकत्रच ठेवण्यात आला. एमएमयूवर अवलंबून असलेल्या फायली निवडीनुसार वगळता येतील अशी व्यवस्था झाली आणि त्यांच्या जागी 'नोएमएमयू' नावाची एक छोटी फाइल आली. कर्नेल बांधताना एकच पर्याय ठरवतो, की कोणता संच घ्यायचा. मोठ्या यंत्रांच्या कर्नेलमध्ये या फाइलचा अंशही उतरत नाही.

वेळही निर्णायक होती. विकास आवृत्तीत नव्या गोष्टी घेण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २००२ ही ठरली होती. ४ नोव्हेंबरला आलेल्या २.५.४६ आवृत्तीत एमएमयूविना चालण्याची सोय दाखल झाली; सोबत मोटोरोलाच्या ६८००० कुळातील चिप आणि एनईसीची व्ही८५० या दोघांचा आधार होता. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ही सोय सर्वांच्या हाती आली.

आत आल्यानंतर

पाया एकदा घातला गेल्यामुळे पुढच्यांचा मार्ग सोपा झाला. २००७ मध्ये ब्लॅकफिन चिप आली, पुढे एआरएमची कॉर्टेक्स-एम मालिका आली आणि जानेवारी २०२० च्या ५.५ आवृत्तीत एमएमयूविना चालणाऱ्या रिस्क-फाइव्ह चिपलाही आधार मिळाला. त्या प्रत्येकाला मेमरी व्यवस्थापन नव्याने लिहावे लागले नाही.

अर्थात प्रवेश म्हणजे कायमची हमी नव्हे. सोबत आत आलेली व्ही८५० २००८ मध्ये वगळली गेली, तर ब्लॅकफिन २०१८ मध्ये. ज्या कोडची काळजी घेणारे कोणी उरत नाही, तो कितीही चांगला असला तरी ओझे ठरतो. उंगेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे यश म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. इतरांवर कमीत कमी भार पडेल असे रूप त्यांनी आपल्या कामाला दिले आणि प्रवेश मिळाल्यावरही त्याची देखभाल सोडली नाही. मुक्त कर्नेलमध्ये कोड कोणीही पाठवू शकतो. तो तिथे टिकतो मात्र सांभाळणाऱ्यांच्या चिकाटीवर.