सुहैली विकायची होती

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत समुद्र नाही. पंचतारांकित या नावानं फसून बाहेरगावचे पाहुणे इथं हॉटेल शोधतात, ते सोडा. पण शिडाच्या होडीशी आमच्या वसाहतीचं नातं जोडायला कुणी धजणार नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या शेडमध्ये, कूलंटच्या आणि बिडाच्या भुकटीच्या वासात, महिनाभर एका होडीचा विषय चालला होता. ती होडी मुंबईत बांधली गेली आणि तिचं नाव सुहैली.

विषय निघाला तो एका लेथवरून. माझे अब्बा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. १९७८ साली त्यांनी कर्ज काढून सहा फुटी बटाला मेक लेथ घेतला. त्या लेथवर आम्हा दोघा भावांची शिक्षणं झाली. धाकटा आयटीआय करून धंद्यात उतरला, मी बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो आणि शेवटी त्याच्याच शेडमध्ये चलनं आणि बिलं लिहायला बसलो. आता पुतण्याला व्हीएमसी मशीन घ्यायचं होतं. बँक पंचवीस टक्के मार्जिन मनी मागत होती. लेथचे येतील ते पैसे हवे होते आणि त्याहून जास्त हवी होती ती लेथखालची जागा. भाऊ गप्प बसला. पुतण्या मला म्हणाला, "बडे अब्बा, तुम्हीच सांगा. मोठं व्हायचं तर जुनं विकायला नको?"

मी त्याला सुहैलीची गोष्ट सांगितली. ती आज तुम्हाला सांगतो.

आधी नावाबद्दल. अब्बांचे एक रत्नागिरीकडचे दोस्त जहाजावर खलाशी होते. आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब नावाडी 'सुहैली' म्हणतात, हे मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलं. सुहैल म्हणजे दक्षिणेकडचा तो तेजस्वी तारा, ज्याला आपण अगस्त्य म्हणतो. एकीकडे समुद्र पिऊन टाकणारा ऋषी, दुसरीकडे दर्यावर्द्यांना दिशा दाखवणारा तारा. आकाशात दोघं एकच. जानेवारीत रात्री अकराच्या सुमारास आमच्या शेडबाहेर उभं राहून दक्षिणेला पाहिलं, तर क्षितिजापासून थोडा वर तो दिसतो. आपल्या मराठीतल्या समुद्राच्या शब्दांची खानेसुमारी केली तर असे पुष्कळ पाहुणे सापडतील. खलाशी अरबीतून आला, सुकाणूही अरबीतून, आणि नाखवा हा फारसीतला 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. आता ते पाहुणे राहिले नाहीत, घरचेच झाले.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होता आणि त्याचा मुक्काम मुंबईत होता. त्यानं आणि मित्रांनी मिळून शिडाची एक होडी बांधायची ठरवलं. आराखडा मागवला एक, टपालानं आला दुसराच. नॉर्वेच्या जुन्या जीवरक्षक नौकांच्या वळणाची, बुटकी, रुंद, दोन्ही टोकांना निमुळती अशी ती होडी होती. बदलून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली. सागवानी लाकूड, आणि मुंबईच्या सुतारांची हत्यारं म्हणजे वाकस आणि दोरीनं फिरवायचा सामता. १९६३-६४ मध्ये हे काम झालं. लांबी ३२ फूट. नारळ फोडून तिला पाण्यात सोडलं. १९६५ च्या अखेरीस रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघं तिच्यातून मुंबईहून निघाले आणि आफ्रिकेत थांबत, तिथं नोकऱ्या करत, १९६७ मध्ये इंग्लंडला पोचले.

त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सिस चिचेस्टर एकट्यानं, वाटेत फक्त एकदा थांबून, जगाला प्रदक्षिणा घालून आला होता. आता एकच गोष्ट उरली होती. कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वी फिरायची. रॉबिननं ती मनावर घेतली, आणि त्याच्या पहिल्याच हिशोबात सुहैली बसेना. कॉलिन म्युडी या नामवंत आराखडाकारासोबत त्यानं पन्नास फुटांच्या वरची पोलादी नौका योजली आणि पैसे उभे करण्यासाठी सुहैली विकायला काढली.

मुंबईच्या सुतारांनी घडवलेली, इथून इंग्लंडपर्यंत नेलेली होडी तो विकायला निघाला याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग हिशोब समजून घेतला तेव्हा कळलं की त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. शिडाच्या जड नौकेचा वेग तिच्या पाण्यात बसलेल्या लांबीवर ठरतो. वाऱ्याचा जोर वाढला तरी एका मर्यादेपुढं ती पळत नाही, कारण तिनं स्वतःच उठवलेल्या लाटेत ती अडकते. ही मर्यादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. पाण्यातली लांबी २८ फूट असेल तर ताशी सुमारे सात सागरी मैल, ४५ फूट असेल तर नऊ. सागरी मैल म्हणजे आपला पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. ताशी दोन मैलांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो रात्रंदिवस, महिनोन् महिने चालत राहतो.

दुसरी गोष्ट राहण्याची. चार तास फिरून किनाऱ्याला यायचं असेल तर होडी चालते. जिच्यात महिनोन् महिने राहायचं तिच्यात धान्य, पाणी, जादा शिडं, दुरुस्तीचं सामान आणि माणसाला ताठ उभं राहण्याइतकी उंची लागते. लांबी दीडपट केली आणि घाट तोच ठेवला, तर पोटातली जागा दीडपट होत नाही, जवळजवळ साडेतीनपट होते. म्हणूनच जगभर शिडाच्या होड्या बाळगणारी माणसं, नोकरी संपली, मुलं मार्गी लागली की लहान लाडकी होडी विकून राहण्याजोगी मोठी घेतात. अर्थात वजनही त्याच हिशोबानं साडेतीनपट होतं. शिडाचं कापड सव्वादोनपट लागतं. दोर जाड, नांगर जड, बंदरातलं भाडं फुटांवर, तळाला रंग लावायचा तो जास्त. मोठी नौका एकदा विकत घ्यावी लागते आणि मग दरवर्षी थोडी थोडी परत विकत घ्यावी लागते. व्हीएमसीचा मेंटेनन्स करार वाचताना हे मला फार आठवलं.

आणि विकताना काय होतं? गिऱ्हाईक आपल्या तपासनिसाला घेऊन येतं. होडी पाण्याबाहेर काढतात. तो हातोडीनं फळ्या वाजवत जातो. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. टोकदार सळी घेऊन सांधे टोचतो, बोल्टांचा गंज पाहतो, शिडांच्या शिवणी उलगडतो. नंतर कागदावर आकडा लिहितो. या आकड्यात मुंबई ते इंग्लंड प्रवासाचा एक पैसाही धरलेला नसतो. उलट तितक्या मैलांची झीज म्हणून वजाच होतो. आमच्या लेथला गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यानंही बेडवर डायल गेज फिरवला आणि चकाजवळची झीज मोजली. अब्बांनी त्या बेडवर किती जॉब काढले हे मी सांगायला लागलो, तर म्हणाला, "भाई, म्हणूनच तर झिजलाय."

त्याचं बरोबर होतं. माझ्या लक्षात मात्र एक गोष्ट राहिली. विकणारा आपल्याकडची एक चीज वस्तूबरोबर देऊ शकत नाही आणि तिचे पैसेही घेऊ शकत नाही. ती म्हणजे त्या वस्तूच्या खोडींची माहिती.

रॉबिनला नव्या नौकेसाठी पैसे देणारा कुणी भेटला नाही. सुहैलीचा सौदाही जमला नाही. मग जी आहे तिच्यातूनच जायचं त्यानं ठरवलं. तोवर लंडनच्या संडे टाइम्सनं गोल्डन ग्लोब नावाची शर्यत जाहीर केली होती. १४ जून १९६८ रोजी तो फाल्मथ बंदरातून निघाला. काही आठवड्यांतच अटलांटिकमध्ये होडी गळायला लागली. पाण्यात बुडी मारून पाहिलं तर तळाशी फळ्यांची फट उघडली होती. त्यानं पाण्याखाली श्वास रोखून रोखून त्या फटीवर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली. मध्येच शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. पुढं पिण्याचं पाणी नासलं, रेडिओ बंद पडला, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. समुद्रात एकट्यानं हे सगळं निभावता येतं, पण ती फळी बसवताना आपण पाहिलेली असली तर जास्त बरं. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी तो परत आला. सरासरी वेग ताशी चार सागरी मैल. आमच्या वसाहतीत सायकलवर येणारे कामगार याहून जोरात येतात. पण शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी पूर्ण करणारा तो एकटाच.

बाकीच्यांपैकी दोघांची हकिकत इथं सांगायलाच हवी. डोनाल्ड क्रोहर्स्टनं नवीकोरी, वेगवान, तीन तळांची नौका घाईघाईत बांधून घेतली आणि ३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अर्धवट तयारीत निघाला. नौका पुढचा समुद्र सोसणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला, खोटी ठिकाणं कळवत राहिला आणि शेवटी नौका रिकामी सापडली. त्याच्या कुटुंबाला रॉबिननं आपलं पाच हजार पौंडांचं बक्षीस देऊन टाकलं. दुसरा नायजेल टेटली. त्याची 'व्हिक्ट्रेस' हे त्याचं आणि बायकोचं राहतं घर होतं. नव्या नौकेसाठी पैसे देणारा त्यालाही मिळाला नाही, म्हणून तो घरच घेऊन निघाला. क्रोहर्स्टच्या खोट्या बातम्यांमुळे तो मागून येतोय असं वाटून टेटलीनं आधीच खिळखिळं झालेलं घर जोरात हाकलं आणि मे १९६९ मध्ये, शर्यत संपत आली असताना, ते फुटून बुडालं. टेटली वाचला. तेव्हा जुनं आणि ओळखीचं नेहमीच तारतं असा निष्कर्ष मी काढणार नाही. पुतण्यानं तो मला काढूही दिला नाही.

तो म्हणाला, "मोठं घेऊन नीट गेलेलं कुणी आहे की नाही?" आहे. आणि ते आपल्या जवळचं आहे. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, जे सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहत, त्यांनी भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या नौकेतून जग फिरावं हा ध्यास घेतला. नौदलातले दिलीप दोंदे पुढं आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली. दांडेकरांनी त्याआधी शिडाची नौका कधी बांधली नव्हती. पण दोंदे बांधकामाच्या पहिल्यापासून तिथं होते. म्हणजे नौका पाण्यात उतरली तेव्हा तिच्या खोडी त्यांना पाठ होत्या. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात, चार ठिकाणी थांबत, त्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. त्याआधी ते धडे घ्यायला गेले होते ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडेच. पुतण्यानं यातून नेमकं उचललं. व्हीएमसी बसवायला कंपनीची माणसं आली तेव्हा तीन दिवस तो शेडमध्येच झोपला.

सुहैलीचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. रॉबिन नंतर कितीतरी मोठ्या आणि वेगवान नौकांवर गेला. १९९४ मध्ये पीटर ब्लेकबरोबर ७४ दिवसांत जग फिरला. पण सुहैली त्यानं ठेवली. १९९७ पासून ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथली कोरडी हवा लाकडाला मानवेना. फळ्या आकसायला लागल्या. समुद्रानं जे केलं नव्हतं ते छपरानं केलं. २००२ मध्ये त्यानं तिला बाहेर काढलं, डागडुजीला वर्षं घातली, आणि जून २०१८ मध्ये, निघाल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ती पुन्हा फाल्मथच्या पाण्यात होती.

आमच्याकडे ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात झाकून ठेवू असं भाऊ एकदा म्हणाला, पण वापराविना बेडवर गंज चढतो हे त्यालाही ठाऊक. लेथ उद्यमनगरातल्याच एका तरुणाला दिला. क्रेनच्या पट्ट्यात तो उचलला गेला तेव्हा भाऊ चहा आणायला निघून गेला. मी बी.ए. माणूस, मला करण्याजोगं एवढंच होतं, म्हणून रात्री बसून एक चिठ्ठी लिहिली होती. थंडीत सकाळी दहा मिनिटं रिकामा फिरवावा. चकाचा तिसरा जबडा ढिला आहे. लांब जॉबला चकाकडून टेपर येतो, टेलस्टॉक केसभर सरकवावा. आटे पाडताना हाफ नट दाबून धरावा, सुटतो. भाऊ सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. एकूण अकरा कलमं झाली. त्यातली चार अब्बांची होती.

दीड महिन्यानं त्या तरुणाचा फोन आला. म्हणाला, "भाई, चिठ्ठीतलं सातवं कलम वाचता येईना. तेल लागलंय." मी भावाकडं फोन दिला.