शेवभाजीतलं चक्रीफूल, नवापुरातलं औषध

धुळे-जळगावच्या शेवभाजीला जो काळा मसाला लागतो, त्यात धने, सुकं खोबरं, दगडफूल यांच्या जोडीला चक्रीफूलही भाजतात. कुणी त्याला बाद्यान म्हणतं. त्याची सदाहरित झाडं मूळची दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतली. चिनी वैद्य पोटदुखीवर आणि अंगात ऊब आणायला ते शतकानुशतकं देत आले आहेत.

याच फळात शिकिमिक आम्ल भरपूर असतं. 1885 साली ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, तेही चक्रीफुलाच्या विषारी भाऊबंदातून, जपानच्या शिकिमी झाडातून! पुढं शंभराहून जास्त वर्षांनी, 1999 मध्ये, फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध ‘टॅमिफ्लू’ नावानं बाजारात आलं. त्याचा रेणू घडवायला सुरुवात व्हायची ती या आम्लापासून. 2005 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीनं देशोदेशीची सरकारं हे औषध साठवू लागली आणि चक्रीफुलाचे भाव कडाडले.

मग फेब्रुवारी 2006 उजाडला. भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या खानदेशात, नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये. 1998 पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते काम करणाऱ्यांना खबरदारी म्हणून ओसेल्टामिविर दिलं गेलं. चिनी झाडाच्या फळाशी नातं सांगणारं औषध अशा रीतीनं त्याच मुलखात आलं, जिथं ते फळ मसाल्यात रोज कुटलं जात होतं. मला या योगाचं अजून नवल वाटतं. त्या साथीत माणसाला लागण झाल्याचं मात्र आढळलं नाही.

हे औषध काम कसं करतं? पेशीत तयार झालेले फ्लूचे नवे विषाणू बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. न्यूरामिनिडेज हे त्यांचं विकर ती पकड कापतं, तेव्हा ते पुढच्या पेशीकडं जातात. औषध त्या विकरालाच अडकवून ठेवतं. नुसत्या शिकिमिक आम्लाला हे जमत नाही. त्याचं औषध व्हायला रसायनशाळेत दहाएक टप्पे लागतात. म्हणून चक्रीफुलाचा काढा घशाला बरा वाटला, तरी त्याला फ्लूचं औषध समजून दवाखाना टाळू नये. पुढं हे आम्ल जिवाणूंकडूनही बनवून घेता येऊ लागलं.

जिवाणूच का? कारण हे आम्ल वनस्पती, बुरशा आणि बहुतेक जिवाणू स्वतःच्या गरजेपुरतं बनवतातच. त्यापासून ते प्रथिनांना लागणारी काही अमिनो आम्लं तयार करतात. माणसाच्या शरीरात ही वाटच नाही. ती अमिनो आम्लं आपल्याला अन्नातून मिळवावी लागतात. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत असलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक नेमकी हीच वाट पुढं बंद करतं. फवारलेलं तण पिवळं पडत असतं, तेव्हा त्याच्या पानांत शिकिमिक आम्ल साचत जातं.