न जन्मलेले गुरुजी आणि सातचा भोंगा

‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय मराठी शाळांत इतका फिरला आहे, की त्याच्या दोन्ही बाजू आता पोरांना झोपेतही म्हणता येतील. सातवीतला मुलगा निबंधाची वही उघडतो, आईकडून फोन मागून घेतो, माइकच्या चिन्हावर बोट ठेवून विषय सांगतो आणि समोर आलेल्या निबंधांतला पहिला सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. निबंध अर्थातच मोबाइलच्या दुष्परिणामांवर असतो. बाई ‘छान’ असा शेरा देतात. गृहपाठ आणि फोन यांचं वैर घरोघर गाजत असलं, तरी वहीच्या त्या पानावर दोघं गुण्यागोविंदानं नांदत असतात.

या वादात दोन्ही बाजूंनी जे दाखले दिले जातात, त्यांतले बरेच तपासायला गेलं की हातात राहत नाहीत. सुरुवात पोरांच्या लाडक्या दाखल्यापासून करावी. रॉबेर्तो नेव्हिलिस नावाच्या इटालियन मास्तरानं १९०५ साली व्हेनिसमध्ये गृहपाठाचा शोध लावला, तोही शिक्षा म्हणून, अशी एक गोष्ट फिरत असते. मीम्समध्ये या बिचाऱ्याला रोज शिव्या बसतात. काही ठिकाणी त्याचं साल १०९५ असंही दिलेलं असतं. नऊ आणि शून्य यांनी जागा बदलली, की माणूस आठशे वर्षं मागे जातो. मुळात असा कुणी मास्तर होऊन गेल्याचा विश्वासार्ह पुरावाच नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं पंधरा वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ देण्यावर कायद्यानं बंदी घातली ती १९०१ साली. म्हणजे नेव्हिलिसनं ‘शोध’ लावण्याच्या चार वर्षं आधी! फ्रान्सनं तर १९५६ मध्येच प्राथमिक शाळेतल्या लेखी गृहपाठाला मनाई केली. मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तेव्हाही दप्तरातून घरी येणाऱ्या या कामावर लोक भांडत होतेच.

दुसरा दाखला पालकांचा. ‘फिनलंडमध्ये गृहपाठ नसतोच, तरी तिथली मुलं जगात पहिली.’ गृहपाठ असतो. कमी असतो, इतकंच. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या वेळी पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, तेव्हा फिनलंडची मुलं आठवड्याला तीन तासांहून थोडा कमी गृहपाठ करत होती. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटाची सरासरी होती जेमतेम पाच तास. शांघायची मुलं जवळजवळ चौदा तास करत होती, आणि त्या वर्षी पहिला नंबर शांघायचा होता. गृहपाठविरोधकांनी फिनलंड पुढे केला, की गृहपाठवाल्यांना शांघाय पुढे करता येतो. खरं तर दोघांनीही नकाशा मिटून ठेवायला हरकत नाही.

त्यापेक्षा आपल्याच देशाचा कागद उघडावा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाचं माप घालून दिलेलं आहे, आणि कित्येक पालकांना ते ठाऊकच नसतं. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही. संध्याकाळ कशी गेली, काय खेळलो, काय खाल्लं, हे मुलानं वर्गात सांगावं, एवढीच अपेक्षा. तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. सहावी ते आठवीला दिवसाला तासभर आणि नववीपासून पुढे दोन तास. हा कायदा नव्हे, मार्गदर्शक धोरण आहे. त्यामुळे ‘सरकारनं गृहपाठ बंद केला’ हेही खरं नाही आणि ‘शाळेला हवा तेवढा द्यायचा अधिकारच आहे’ हे म्हणणंही त्या कागदापुढे टिकत नाही.

पण कमी दिला तर मुलं मागे पडतील, ही भीती घरात शाळेपेक्षा जास्त असते. ‘आज काहीच दिलं नाही?’ हा प्रश्न शिक्षकांना आईवडीलच विचारतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये या विषयावरचे पूर्वीचे अभ्यास एकत्र तपासले. सातवीपासून पुढे गृहपाठ आणि गुण यांचं नातं बऱ्यापैकी दिसलं. प्राथमिक वयात ते फार क्षीण होतं. दुसरीच्या पोराकडून ‘कमळ’ दोन पानं गिरवून घेतलं की अक्षराला वळण लागेलही, पण त्यातून तो पुढे जाईल याची खात्री कुणी देऊ नये.

आता फोन. ‘अभ्यासासाठी हवाय’ असं मुलं सांगतात आणि ‘अभ्यास कसला, नुसती रील बघतो’ असं घरचे म्हणतात. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात दोघांच्याही पदरात थोडं थोडं पडतं. चौदा ते सोळा वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांतल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिकण्याच्या कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. दोन्ही आकड्यांची बेरीज शंभराच्या वर जाते, कारण तेच पोर दोन्ही करत असतं.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट जास्त बोलकी आहे. या वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुलं साधारण तिसरा हिस्सा, आणि त्यातही मुलींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा कमी. शहरातल्या चर्चेत ‘मुलाच्या हातातला फोन’ असतो. गावात बहुतेकदा तो घराचा फोन असतो, म्हणजे बापाचा. बाप दिवसभर कामावर. वर्गाच्या ग्रुपवर बाईंनी फळ्याचा फोटो दुपारी चारला टाकलेला, पण फोन घरी येतो रात्री आठला. मग जेवण, मग चार्जिंगला लावलेल्या फोनला वायरीच्या लांबीइतकं चिकटून बसून उत्तरं उतरवणं. थोरला भाऊ असेल तर धाकटीचा नंबर त्याच्यानंतर. अशा घरात ‘मुलांचा फोन काढून घ्या’ हा सल्ला नेमका कुणाला द्यायचा?

फोन म्हणजे शिक्षणाचा शत्रूच, असं म्हणणाऱ्यांना परितेवाडी दाखवावी. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही असे कोड आले आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

याउलट, शाळेत फोनवर बंदी घातली की गुण वाढतात, हीही सरसकट खरी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. बंदीनंतर निकाल थोडे सुधारले, पण ती सुधारणा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांची होती. हुशार मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केला, तर परिणामच दिसला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी तीस शाळांची तुलना केली. कडक शाळा आणि सैल शाळा यांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दिवसभराचा एकूण फोनचा वेळही कडक शाळांत कमी झाल्याचं दिसलं नाही.

चष्म्याचं खापर तर फोनवरच फुटतं. डोळ्यांपासून वीतभरावर धरलेली कुठलीही गोष्ट तासन्‌तास बघितली, तर डोळ्यांवर ताण येतोच. त्यात फोन आहे, आणि शुद्धलेखनाची वहीही आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. सहा शाळांतल्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त वेळ उघड्यावर नेलं. तीन वर्षांनी या शाळांतल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं. बाकीच्या सहा शाळांत तो आकडा ३९ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे डोळ्यांच्या खटल्यात फोन आणि गृहपाठ एकाच पिंजऱ्यात उभे आहेत. बचावाला आहे ते ऊन आणि मैदान.

झोपेच्या खटल्यातही तसंच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सकाळची शाळा सातची, रिक्षा सव्वासहाला, म्हणून उठायचं साडेपाचला. नऊ तास मोजत मागे गेलं, की मुलानं रात्री साडेआठला झोपलेलं असायला हवं. त्या वेळी बाप नुकताच घरात शिरलेला असतो, मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत असतं आणि वर्गाच्या ग्रुपवर ‘उद्या चार्ट पेपर आणणे’ अजून यायचं असतं. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा मुलं उशिरा झोपतात हेच कारण पुढे होतं. त्यावर रिक्षांचं आणि दोन सत्रांचं काय करायचं, अशी ओरड झाली. मोठ्यांच्या घड्याळात मुलांची झोप बसवायची म्हटलं की असंच होतं.

आणि शेवटचा समज : फोन काढून घेतला की पोरं आपोआप पुस्तक उघडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावनं वेगळी वाट धरली. स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांचेच नव्हे, सगळ्यांचे. सासूबाईंची मालिका, सुनेचं व्हॉट्सॲप, कट्ट्यावरच्या कार्यकर्त्यांचं फेसबुक, सगळं त्यात आलं. त्यासाठी आधी घरोघर जाऊन लोकांना समजवावं लागलं; आपोआप काही झालं नाही.

दप्तर धोरण शब्दशः पाळलं, तर वडगावातल्या तिसरीच्या मुलीचा आठवड्याचा गृहपाठ दुसऱ्या संध्याकाळी साडेसातलाच संपतो. त्या दिवशी भोंग्याचा एक तास अजून शिल्लक असतो. तिची पाटी कोरी, घरात सगळे समोरासमोर, आणि आजीला विचारायला तिच्याकडे खूप काही.