शहापूर व मुरबाड येथील वाढत्या करडांचे पोषण

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत आषाढ लागला की डोंगरउतार, माळ आणि खाचरांचे बांध हिरवेगार होतात. उन्हाळाभर पेंढ्यावर दिवस काढणाऱ्या गाईम्हशींना हा सुकाळच होय. शेळीच्या करडांची स्थिती मात्र याच्या नेमकी उलट असते. चैत्रात जन्मलेले व ज्येष्ठापर्यंत अंगाने भरत आलेले करडू श्रावण सरता सरता पाठीचा कणा दाखवू लागते, त्याच्या केसांची चकाकी जाते, आणि कित्येक करडे भाद्रपदापूर्वीच दगावतात. पाऊस, गारठा किंवा एखादी साथ हीच या हानीची कारणे म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. त्यांत तथ्य नाही असे नाही. परंतु मूळ कारण पोटाचे आहे, आणि ते बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे.

ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांतील व इतरही अल्पभूधारक कुटुंबांत दोनचार शेळ्या म्हणजे अडीअडचणीस मोडता येणारी ठेव असते. भातलावणीच्या दिवसांत घरातील धान्य संपत येते, मजुरी व बियाण्याचा खर्च तोंडावर असतो. त्यातच श्रावणापूर्वी मटणाची मागणी वाढून बोकडाला गिऱ्हाईक मिळते. म्हणजे ठेव मोडण्याची वेळ आणि तिचे वजन घटण्याची वेळ एकच. एकेका किलोग्रॅमाचा हिशोब अशा घरात किरकोळ मानता येत नाही.

करडाला लागते तरी किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८१ साली शेळ्यांच्या पोषणाची मानके प्रसिद्ध केली व २००७ साली ती नव्याने मांडली. १९८१ च्या मानकांतील आकडे येथील बारीक चणीच्या जनावरांना जसेच्या तसे लागू पडतील असे नव्हे; तरी हिशोबाची रीत समजण्यास ते पुरेसे आहेत. या मानकांप्रमाणे १० किलोग्रॅम वजनाच्या करडास बसल्या जागी केवळ जगण्यासाठी दररोज सुमारे ५७० किलोकॅलरी चयापचयक्षम ऊर्जा लागते. वजनात पडणाऱ्या प्रत्येक ग्रॅम भरीसाठी त्यावर सुमारे सव्वासात किलोकॅलरी हव्यात. पचनीय प्रथिने निर्वाहासाठी १५ ग्रॅम, आणि रोजच्या ५० ग्रॅम वाढीसाठी आणखी १० ग्रॅम.

याच मानकांत चालण्याच्या श्रमाचा वेगळा आकार धरलेला आहे, आणि डोंगराळ मुलखाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. थोड्या हालचालीस निर्वाहाच्या एकचतुर्थांश, तर डोंगरउतारावरील चराईस निम्म्याइतकी जादा ऊर्जा धरावी लागते. दहा किलोग्रॅमच्या करडाच्या बाबतीत हा निम्मा भाग २८५ किलोकॅलरी होतो. वाढीच्या भाषेत सांगावयाचे तर रोज सुमारे ३९ ग्रॅम वजन ते करडू डोंगर चढण्या-उतरण्यात खर्ची घालते.

आता जमेची बाजू. असे करडू दिवसाकाठी ढोबळमानाने ४०० ग्रॅम शुष्क चारा खाते. मध्यम प्रतीच्या गवत-पाल्यातून किलोग्रॅममागे दोन हजार किलोकॅलरी धरल्या तर हाती ८०० येतात, आणि डोंगरावर हिंडणाऱ्या करडाचा निर्वाह व चालणे मिळूनच ८५५ लागतात. वाढ दूरच, जमाखर्चाची तोंडमिळवणीदेखील होत नाही. चांगला कोवळा पाला मुबलक मिळाला तर करडू अधिक खाते व तूट भरून निघते. यासाठीच शेळी गवतापेक्षा झाडोऱ्याकडे वळते. तिचे अरुंद तोंड व चपळ ओठ काट्यांतून नेमके कोवळे पान वेचण्यासाठीच घडलेले आहेत. बोर, उंबर, आपटा, बाभूळ यांच्या पानांत भाताच्या पेंढ्याच्या तिपटी-चौपटीने प्रथिने असतात. पेंढ्यात ती शेकडा तीनचारच भरतात, आणि शेकडा सातांच्या खाली ती गेली की कोठीपोटातील सूक्ष्मजीवच उपाशी पडतात. मग पोट भरलेले असूनही चारा पचत नाही. पेंढा पुढ्यात टाकून शेळी पोसली जाते, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

पावसाळ्यात हे गणित चारी बाजूंनी बिघडते. शेळी पावसात चरत नाही. झड लागली की कळप आडोशाला उभा राहतो आणि चराईचे तास निम्म्यावर येतात. खाचरांत भात उभे असल्याने सपाटीवरची चराई बंद होते, राहतो तो उतार. कोवळ्या गवतात पाण्याचाच भरणा असतो. शेकडा पंधरावीस भागच शुष्क धरला तर ४०० ग्रॅमांसाठी करडाला दोन ते पावणेतीन किलोग्रॅम, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके गवत खावे लागेल. तेवढे त्याच्या पोटात मावत नाही. शिवाय भिजलेले लहान शरीर ऊब राखण्यात ऊर्जा घालवते ती वेगळीच.

चौथी बाजू जंतांची. कोठ्यात राहणारा रक्तशोषक गोलकृमी याच उबदार ओलाव्यात फोफावतो. एक प्रौढ कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त दवडतो. हजार कृमी असले तर ५० मिलिलिटर. दहा किलोग्रॅमच्या करडाच्या अंगात एकूण रक्तच सातशे मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे खाल्लेल्या प्रथिनांतून आधी हे रक्त भरून काढावयाचे, मग उरले तर मांस. या कृमीच्या अळ्या गवताच्या बुडख्यापासून काही बोटांपर्यंतच चढतात. झुडपांच्या शेंड्यांवर त्या नसतात. पाल्याची जुडी गोठ्यात तोंडाच्या उंचीवर टांगून दिल्यास प्रथिने मिळतात, जंतांची लागण कमी होते आणि चालण्याचे श्रमही वाचतात. जंतनाशक औषध यापुढे निरुपयोगी ठरते असे नव्हे; पण उपाशी करडाला औषध पाजून फार काही साधत नाही.

प्रश्न उरतो तो पाला आणावयाचा कोठून. वनातील चराई व तोड यांवर निर्बंध आहेत; तानसा अभयारण्याच्या परिसरात ते अधिकच कडक आहेत. तेव्हा बांधावर शेवरी, हादगा, गिरीपुष्प व सुबाभूळ लावणे हाच टिकाऊ मार्ग होय. गिरीपुष्पाच्या ओल्या पाल्याच्या वासाला शेळ्या आरंभी तोंड फिरवतात; एक दिवस सुकवून दिल्यास बहुधा खातात. सुबाभळीत मिमोसिन नावाचे अपायकारक द्रव्य असल्याने ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे देऊ नये. अति झाल्यास केस गळतात. भातामागून घेतलेल्या वालाचे व हरभऱ्याचे भुसकट उन्हाळ्यात कोरडे साठवून ठेवले तर झडीच्या दिवसांत ते पेंढ्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

पाल्याच्या जोडीस थोडा खुराक दिल्यास काय फरक पडतो, तेही त्याच हिशोबाने पाहता येते. ३०० ग्रॅम पाला व १०० ग्रॅम भरडा-पेंड यांतून सुमारे ८९० किलोकॅलरी मिळतात. करडू दूर न हिंडवता जवळपास चारले तर त्याचा खर्च ७१२ वर येतो आणि वाढीसाठी १७८ शिल्लक राहतात. म्हणजे रोज २४-२५ ग्रॅम. चार महिन्यांच्या पावसाळ्यात हे जवळजवळ तीन किलोग्रॅम होतात. याउलट खुराक देऊनही डोंगरावर तितकेच हिंडवले तर शिल्लक पस्तीस किलोकॅलरींचीच राहते. खुराकाचा खर्च वाया गेला अशी तक्रार होते तेव्हा बहुधा तो पायांतून गेलेला असतो.

भातगिरणीचा कोंडा या भागात सहज मिळतो, म्हणून खुराकात त्याचाच भरणा होतो. तो वाईट नाही. मात्र त्यात स्फुरद कॅल्शियमच्या दहापटींहूनही अधिक असते. करडाला हे प्रमाण उलट, म्हणजे दोन भाग कॅल्शियमला एक भाग स्फुरद असे हवे. केवळ कोंड्यावर वाढवलेल्या बोकडांत, विशेषतः खच्ची केलेल्यांत, मूत्रमार्गात खडे अडकून मृत्यू ओढवतो. झाडपाल्यात कॅल्शियम भरपूर व स्फुरद बेताचे असल्याने कोंडा व पाला ही जोडी एकमेकांचे उणे भरून काढते. जोडीला मीठ व स्वच्छ पाणी असावे. आणखी एक धोका लग्नसराईतला. पंगतीनंतर उकिरड्यावर टाकलेल्या भातावर शेळ्या तुटून पडतात, कोठीपोटात आम्ल साचते, आणि दुसऱ्या दिवशी धडधाकट जनावर मेलेले आढळते.

या सर्वांहून स्वस्त उपाय वेताची वेळ साधण्याचा आहे. शेळी पाच महिने गाभण असते. कार्तिकात फळलेली शेळी चैत्रात विते, आणि तिचे करडू तीन महिन्यांनी दुधावरून तुटते ते ऐन आषाढात. आषाढात फळलेली शेळी मात्र मार्गशीर्षाच्या सुमारास विते. तिच्या करडाला दूध तुटताना फाल्गुन लागलेला असतो. पुढे मोहाची गोड फुले, चैत्र-वैशाखातील नवी पालवी व बाभळीच्या शेंगा त्याच्या वाट्यास येतात, आणि पाऊस पडू लागतो तेव्हा ते सात महिन्यांचे, अंगात काही साठा असलेले जनावर असते. त्यासाठी आश्विन-कार्तिकात बोकड कळपापासून वेगळा बांधावा. ते शक्य नसेल तर त्याच्या पोटाखाली जाड फडके बांधून कळपात सोडावे. पूर्वीपासून ठाऊक असलेली ही युक्ती आजही पुरेशी आहे, फक्त फडके दररोज तपासावे लागते.