उपकेंद्राचे घड्याळ कोणाचे?

मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या पूर्णगडच्या किनाऱ्यावर वर्षाचे गणित शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे, तर वारा आणि मोहोर यांप्रमाणे चालते. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र पुन्हा खुला होतो. मार्च ते मे आंब्याची काढणी, पेट्या भरणे आणि वाहतूक यांतून बागायतदारापासून मजुरापर्यंत कोणालाच उसंत मिळत नाही. आणि विद्यापीठाच्या उन्हाळी सत्राच्या परीक्षाही याच सुमारास येतात. उच्च शिक्षणापासून कोकण किती दूर आहे, हे सांगताना मुंबईपर्यंतचे किलोमीटर मोजले जातात. या दोन कालगणनांमधले अंतर मात्र सहसा हिशेबात धरले जात नाही.

१८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. ठाणे, कल्याण आणि सावंतवाडीप्रमाणे रत्नागिरीतही त्याचे उपकेंद्र आहे. पूर्णगडहून ते २५-३० किलोमीटरच्या टप्प्यात येते. विकेंद्रीकरणाचे हे पाऊल स्वागतार्हच होय. परंतु इमारत जवळ आली म्हणजे शिक्षण जवळ आले, असे मात्र नव्हे.

मिळवत्या माणसाच्या दृष्टीने शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. तासाला बसण्यासाठी बुडवावी लागणारी मजुरी, घ्यावी लागणारी बिनपगारी रजा, हुकलेली शेवटची एस. टी. हा खरा खर्च असून तो कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. शुल्कमाफीने तो कमी होत नाही, वेळापत्रकाने होतो. दुपारी भरणारा वर्ग अंगणवाडी सेविकेला, पतपेढीतील कारकुनाला किंवा बंदरावरच्या तरुणाला फुकट असूनही महाग पडतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्यांसाठी. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे सकाळी वर्ग भरवून नोकरदारांची सोय पाहिली गेली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण आरंभिले, तर १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांना पदवीचे दार उघडून दिले. या साऱ्यांत एक सूत्र आहे : विद्यार्थ्याने आपले जीवन संस्थेच्या घड्याळाला जुळवावे, असा हट्ट धरला गेला नाही.

मग दूरशिक्षण असताना उपकेंद्राकडून वेगळी अपेक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. पुस्तक घरी येते, व्याख्यान भ्रमणध्वनीवर दिसते. पण अडलेले विचारण्यासाठी समोर शिक्षक आणि सोबतीला सहाध्यायी लागतात. प्रयोगशाळा तर घरी येऊच शकत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा अभ्यास सुटतो तो पुष्कळदा बुद्धीच्या अभावी नव्हे, एकटेपणामुळे.

दर्जा खालावेल ही भीतीही निराधार आहे. बदलावयाची आहे ती वेळ, कसोटी नव्हे. १८२३ मध्ये कारागिरांसाठी निघालेली लंडनची बर्कबेक ही संस्था सायंकाळच्या अध्यापनावरच नावारूपाला आली.

तेव्हा रत्नागिरीसारख्या उपकेंद्राने कोकणच्या कालगणनेशी नाते जोडावे. नोकरदारांसाठी सायंकाळी आणि रविवारी तास, शेवटच्या एस. टी.पूर्वी सुटणारे वर्ग, मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत सघन अध्यापन आणि आंब्याच्या हंगामाबाहेर परीक्षेची आणखी एक संधी, एवढ्या गोष्टींना नव्या इमारती लागत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक साठवून टप्प्याटप्प्याने पदवी घेण्याची वाट दाखविली आहे. तिचा उपयोग सर्वांत आधी अशा विद्यार्थ्यांना व्हावयास हवा.

कोकणने दीर्घकाळ आपली माणसे मुंबईला धाडली आणि मनीऑर्डरींवर घरे चालविली. जे मागे राहिले, त्यांनी बागा, बंदरे आणि म्हातारी माणसे सांभाळली. शिकायचे असेल तर गाव सोड, हीच अट त्यांनाही घातली जाणार असेल, तर उपकेंद्र ही केवळ मुंबईची लांबलेली सावली ठरेल.