दुसऱ्याच्या खेळावर आपली मेहनत : मोबदला कोणाचा?

भाड्याच्या खोलीत भाडेकरूने स्वतःच्या हाताने पोटमाळा बांधला, तर तो कोणाचा? फळ्या त्याच्या, घाम त्याचा. पण भिंती मालकाच्या! संगणकावरील खेळांच्या जगात नेमका हाच तंटा चालू आहे. आपली मुलेही या खेळांत रमतात, म्हणून तो पालकांनी समजून घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

कंपनीने विकलेल्या खेळात खेळणारेच नवी हत्यारे, नवी गावे, नवे चेहरे यांची भर घालतात. या भरीला ‘मॉड’ म्हणतात. ते फुकट वाटले जातात तोवर कंपन्या सहसा आडकाठी करीत नाहीत, कारण त्यामुळे मूळ खेळाचे आयुष्य वाढते. पैसा आला की मालकी हक्काचा प्रश्न उभा राहतो.

‘ड्यूक नुकेम ३डी’ या खेळासाठी लोकांनी रचलेले ३०० टप्पे अमेरिकेतील मायक्रो स्टार कंपनीने सीडीवर भरून विकले. टप्पे रचण्याचे साधन खेळासोबतच दिलेले होते. मात्र ते फुकटच वाटावेत अशी अट होती. १९९८ साली तेथील अपील न्यायालयाने म्हटले की, हे टप्पे मूळ कथेचेच पुढचे भाग आहेत आणि तो हक्क मूळ मालकाचा.

पुढे २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह व बेथेस्डा या कंपन्यांनी ‘स्कायरिम’चे मॉड विकण्याची सोय केली. १०० डॉलरच्या विक्रीत बेथेस्डाला ४५, व्हॉल्व्हला ३० आणि रात्री जागून मॉड बनविणाऱ्याला अवघे २५! त्यातच मासेमारीचा एक मॉड मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्याने फुकट दिलेल्या कामावर आधारलेला होता. खेळणारे संतापले. चारच दिवसांत, २७ एप्रिलला, योजना गुंडाळून पैसे परत करण्यात आले. २०१७ साली बेथेस्डाने वेगळी वाट धरली : बनविणाऱ्यांशी आधी करार करून त्यांना कामाचे पैसे देण्याची.

मूळ खेळ उभारणाऱ्यांचेही श्रम असतात, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांचा हक्क राहावा. परंतु ज्याच्या कामामुळे विक्री होते, त्याचा वाटा आधी ठरावा, एवढाच न्याय आहे.

आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. म्हणून असे काम शिकणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे : ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचा. २०२० साली ‘वॉरक्राफ्ट ३’च्या नव्या आवृत्तीसोबत ब्लिझार्डने अट घातली की, त्या साधनावर रचलेला खेळ कंपनीचाच. दुसऱ्याचे चित्र वा आवाज घ्यायचा तर लेखी परवानगी घ्या. भागीदारीत काम असेल तर वाटा पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. मेहनतीला हिशेबाची जोड हवीच.