वितरण फलक आणि विजेचा लोंढा

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचा राजवाडा सुमारे एक लाख दिव्यांनी उजळून निघतो. या जागी पूर्वी असलेला लाकडी बांधणीचा राजवाडा १८९७ साली आगीत भस्मसात झाला. त्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे उभारलेली सध्याची वास्तू १९१२ मध्ये पूर्ण झाली. म्हैसूर शहरात वीज आली ती या दोन घटनांच्या दरम्यान, १९०८ मध्ये. विजेच्या दिव्याला उघडी ज्योत नसते. म्हणून तेलाच्या दिव्याचे भय तिच्याबरोबर संपले. परंतु विजेचे स्वतःचे असे एक भय असते, आणि ते दिव्यापाशी नसून जेथून दिव्यांना वीज वाटली जाते त्या वितरण फलकापाशी असते.

राजवाड्याच्या रोषणाईतील प्रत्येक दिवा १५ वॉटचा धरला, तर एक लाख दिव्यांना १५ लक्ष वॉट शक्ती लागेल. आपल्याकडील थ्री-फेज, म्हणजे त्रिकला, पुरवठ्यात तीन तारा असतात. त्यांतील कोणत्याही दोहोंमध्ये ४१५ व्होल्ट आणि प्रत्येक तार व न्यूट्रल यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट दाब असतो. अशा पुरवठ्यावर वरील भारासाठी प्रत्येक तारेतून सुमारे २,०९० अँपिअर प्रवाह वाहील. एवढा प्रवाह अनेक फलकांत विभागून लहान लहान शाखांतून न्यावा लागतो. प्रत्येक शाखेच्या मुखाशी जो स्वयंचलित स्विच बसवितात, त्याला मंडल खंडक किंवा रोजच्या भाषेत ब्रेकर म्हणतात.

दोन निरनिराळे प्रश्न

खंडक निवडताना पहिला प्रश्न सहज सुचतो : या शाखेतून नेहमी किती प्रवाह जाणार? त्याच्या उत्तरावरून १६, ३२ किंवा १०० अँपिअरचा खंडक ठरतो. दुसरा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारलाच जात नाही. दोन तारांवरील वेष्टन निकामी होऊन त्या एकमेकींना भिडल्या, म्हणजेच शॉर्ट सर्किट किंवा मंडलसंक्षेप झाला, तर या जागी किती प्रवाह उसळेल, आणि तो तोडण्याचे सामर्थ्य या खंडकात आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवे व यंत्रे मोजून मिळते. दुसऱ्याचे उत्तर ग्राहकाच्या उपकरणांवर फारसे अवलंबून नसून, मुख्यतः मागच्या उगमाच्या बळावर अवलंबून असते.

लोंढा कोठून येतो

म्हैसूर संस्थानाने कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीजकेंद्र उभारून १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरविली. त्या काळी या वाहिनीमागे एका धबधब्यावरील मोजक्या जनित्रांचेच बळ होते. आज चित्र पालटले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या उर्वरित जाळ्याशी एका तालात जोडले गेले. म्हैसूरच्या गल्लीतील रोहित्रामागे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमागे, आता साऱ्या देशाच्या वीजकेंद्रांचे बळ उभे असते. या अफाट जलाशयाचा लोंढा इमारतीत शिरू पाहतो, तेव्हा त्याला आवर घालणारा मुख्य दरवाजा म्हणजे ते रोहित्रच होय.

रोहित्राच्या अंगी प्रवाहाला होणारा जो अंतर्गत विरोध असतो, त्याला संरोध म्हणतात. तो त्याच्या पाटीवर टक्क्यांत लिहिलेला असतो. ५ टक्के संरोध याचा अर्थ असा की, रोहित्राच्या बाहेरच्या तारा एकमेकींना जोडून आतल्या बाजूस नेहमीच्या दाबाच्या केवळ ५ टक्के दाब लावला, तरी पूर्ण भाराइतका प्रवाह वाहतो. मग पूर्ण दाबाखाली त्याच्या वीसपट प्रवाह वाहील, हे उघड आहे.

५०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे ६९६ अँपिअर असतो, संरोध ४.५ टक्के धरल्यास मंडलसंक्षेपाचा प्रवाह सुमारे १५,५०० अँपिअर होतो. १,००० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रासाठी, संरोध ५ टक्के धरून, हाच आकडा सुमारे २७,८०० अँपिअरवर जातो.

उष्णता आणि धक्का

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फलकातील तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना, म्हणजे बसबारांना, एकमेकींपासून ढकलणारे किंवा ओढणारे बलही त्याच वर्गाच्या नियमाने वाढते. शिवाय पहिल्याच अर्ध्या आवर्तनात प्रवाहाचे शिखर वर दिलेल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही थोडे पुढे जाते. एकमेकींपासून १० सेंटीमीटर अंतरावरील दोन पट्ट्यांतून हे शिखर गेले, तर लहान रोहित्राच्या बाबतीत दर मीटर लांबीवर सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. मोठ्या रोहित्राच्या बाबतीत ते सुमारे ७०० किलोग्रॅमपर्यंत चढते. प्रवाह दुपटीहून कमी वाढला असता धक्का साडेतीनपट झाला. म्हणूनच खंडकाप्रमाणे बसबार आणि त्यांचे आधारही हा धक्का सोसतील असे असावे लागतात.

खंडकाचे खरे काम

खंडकाचे संपर्क अलग झाले म्हणजे प्रवाह लगेच थांबत नाही. दोन संपर्कांच्या मधली हवा हजारो अंशांपर्यंत तापून तिच्यातून ठिणगीची कमान जळत राहते. ही कमान धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जाळीत ढकलून, तुकडे करून, थंड करावी लागते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, याचे येथे मोठे साह्य होते. जो प्रवाह खंडक अशा रीतीने सुरक्षितपणे तोडू शकतो, ती त्याची खंडनक्षमता. तिच्यापलीकडचा प्रवाह आला तर संपर्क वितळून चिकटतात किंवा खंडकाचे कवच फुटते. त्या क्षणी फलकासमोर उभा असलेला वायरमन ही चूक आपल्या देहावर झेलतो.

घरगुती खंडकाच्या तोंडावर एका लहान चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला आढळतो. तीच त्याची खंडनक्षमता, अँपिअरमध्ये. मोठ्या खंडकांसाठी दोन आकडे देतात : अंतिम क्षमता, जिच्यानंतर तो पुन्हा वापरता येईलच असे नाही, आणि सेवाक्षमता, जिच्यानंतरही तो कामास योग्य राहतो. असे आकडे प्रत्यक्ष मंडलसंक्षेप घडवून पडताळावे लागतात. भारत सरकारने १९६० मध्ये स्थापन केलेल्या बंगळूरच्या केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेत अशी चाचणी होते.

जवळ आणि दूर

रोहित्रापासून दूर जावे तसा तारेचा विरोध लोंढ्याला क्षीण करतो. वरील मोठ्या रोहित्रापासून १६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल ५० मीटर नेली, तर तिच्या टोकाशी २७,८०० ऐवजी सुमारे ४,००० अँपिअर उरतात. तेथील लहान फलकात ६,००० अँपिअर क्षमतेचा खंडक पुरेसा होतो. रोहित्रालगतच्या मुख्य फलकात तोच खंडक घातक ठरेल.

तथापि फार दूर जाण्यातही धोका आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बागेतील दिव्यासाठी २०० मीटर नेली, तर टोकाशी फेज व न्यूट्रल भिडल्यावर केवळ सुमारे ८० अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा ‘सी’ वर्गाचा खंडक तत्काळ उघडेलच अशी खात्री १६० अँपिअरला मिळते. त्यामुळे तो कदाचित काही सेकंद थांबेल आणि तेवढ्या वेळात तार तापत राहील. येथे उपाय म्हणजे अधिक जाड तार अथवा कमी प्रवाहाला उघडणारा ‘बी’ वर्गाचा खंडक.

रोहित्र बदलले, फलक तोच

समजा, एखाद्या इमारतीत ५०० किलोव्होल्ट-अँपिअरचे रोहित्र असताना मुख्य फलकात २५,००० अँपिअर क्षमतेचे खंडक बसविले. १५,५०० च्या लोंढ्यापुढे ते भक्कम होते. पुढे भार वाढला, रोहित्र बदलून दुप्पट क्षमतेचे आणले गेले. फलक उत्तम चालत होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, एकही खंडक अकारण पडत नाही. तरीही त्या दिवसापासून प्रत्येक खंडक आपल्या शक्तीबाहेरच्या २७,८०० अँपिअरसमोर उभा आहे. ही उणीव नेहमीच्या वापरात कधीच दिसत नाही. ती दिसते ती पहिल्या मंडलसंक्षेपाच्या वेळी.

यास्तव रोहित्र बदलताना, दुसरे रोहित्र समांतर जोडताना किंवा केबल आखूड व जाड करताना फलकाचे गणित नव्याने मांडणे आवश्यक असते. त्या जागी अपेक्षित असलेला मंडलसंक्षेपाचा प्रवाह, रोहित्राची क्षमता व संरोध आणि गणिताची तारीख एवढा मजकूर फलकाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवला, तर पुढे येणाऱ्या वायरमनला खंडकावरील आकड्याशी तो ताडून पाहता येतो. आणि खंडकावरील आकडा लहान निघाला, तर काम हाती घेण्यापूर्वी कोणता पुरवठा बंद करावयाचा हे त्याला कळते.